मोंबासाची पेटी

बन्सीलाल पाटलाला गावात दोन कामांसाठी बोलावणं यायचं. कुणाची सोयरीक मोडायला आली की, आणि कुणाची नाजूक वस्तू लांबच्या गावी धाडायची असली की. सोयरिकीत त्याला यश बेताचंच मिळे, कारण गडी तोंडाचा फटकळ. पण बांधाबांधीत त्याचा हात धरणारा तापीच्या दोन्ही काठांवर कुणी नव्हता. तळोद्याच्या भजनी मंडळाची पेटी त्याने बैलगाडीतून नेली, ती सुरात पोचली. प्रकाशा गावच्या एका लेकीला सासरी जाताना माणूसभर उंचीचा आरसा दिला होता. तो बन्सीलालने नवापूरपर्यंत असा नेला की उतरवून घेणाऱ्यांनी आधी त्यात आपापल्या मिशा बघून घेतल्या.

यात जादू काही नव्हती. होती ती सरकी. जिनात, म्हणजे जिनिंगच्या कारखान्यात, कापूस काढून घेतला की मागे उरतं ते बी म्हणजे सरकी. ती ढोरांना घालतात, दूध घट्ट येतं. दुसरे लोक पेट्यांमध्ये गवत भरत, भुसा भरत. गवत बसतं आणि भुसा सरकतो. सरकीला बारीक लव असते. ती एकदा पायाने तुडवून घट्ट बसवली की वस्तूला चारही बाजूंनी धरून ठेवते आणि ओरखडाही उठू देत नाही. बन्सीलाल पेटीत उतरून, धोतर खोचून, द्राक्षं तुडवावीत तसा सरकी तुडवायचा. गावातले टवाळ म्हणत, याच्या सरकीत अंडं ठेवलं तर ते मुंबईला जाईल आणि कोंबडी होऊन तिकीट काढून परत येईल. बन्सीलालला हे ऐकायला आवडायचं. वरकरणी तो डोळे वटारायचा, पण आवडायचं.

घरात आई जसोदाबाई, बायको भिकुबाई, धाकटा भाऊ मगन आणि मगनची बायको बेबीबाई. वडील पटकीच्या साथीत गेले तेव्हा मगन रांगत होता. बन्सीलालने त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्न लांबवलं, आणि मगनने मात्र शेतीकडे पाठ फिरवून नदीकडे तोंड केलं. गुजराच्या, शेतकरी जातीच्या पोराने कापूस लावावा, केळीला पाणी द्यावं; हा दिवसभर तापीच्या डोहात बुड्या मारायचा. जसोदाबाई काठावर उभी राहून शिव्या द्यायची आणि तो पाण्याखालून हसत वर यायचा.

मग नदीवर पुलाचं काम निघालं. पाण्याखालचे खांब तपासायला कंपनीने एक जर्मन साहेब आणला होता. त्याच्याकडे पाठीवर बांधायची पोलादी टाकी होती. टाकीत दाबून भरलेली हवा, टाकीच्या तोंडावर वाटीएवढं पितळी यंत्र, आणि त्यातून निघून तोंडापर्यंत येणाऱ्या दोन जाड, वळ्यावळ्यांच्या रबरी नळ्या. एकीतून श्वास यायचा, दुसरीतून जायचा. चेहऱ्यावर काचेचा मुखवटा. साहेबाने मगनला बुड्या मारताना पाहिलं आणि हाताखाली घेतलं. दोन उन्हाळ्यांत मगन असा तयार झाला की साहेब काठावर बसून चिरूट ओढी आणि मगन खाली खांबांना हात लावून येई. पूल झाला, साहेब मायदेशी गेला, आणि जाताना ते सगळं सामान मगनला देऊन गेला. आख्ख्या खानदेशात तसं दुसरं सामान नसावं. मगन ते माजघरात खुंटीला टांगायचा. जसोदाबाई त्याच्याकडे पाठ करून बसायची. म्हणायची, घरात मगर टांगल्यासारखं वाटतं.

बासष्ट सालच्या दिवाळीत सुरतेच्या ठाकोरभाई नावाच्या कंत्राटदाराचा माणूस आला. पुलाच्या वेळी ठाकोरभाईकडे खडी पुरवायचं काम होतं, आता त्याने समुद्रापार आफ्रिकेत, मोंबासाच्या बंदरात, धक्क्याच्या दुरुस्तीचं काम घेतलं होतं. पाण्याखाली उतरणारा माणूस हवा होता आणि सामानही हवं होतं. विलायतेहून नवं मागवायचं तर काम सहा महिने अडून राहील. मगनने सामानासकट यावं. मगन विचारण्याआधीच हो म्हणाला. बन्सीलाल रागावला, दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी सुताराकडे जाऊन सागाच्या फळ्या निवडू लागला. त्याचं प्रेम असंच, फळ्यांतून बाहेर पडायचं.

बांधायच्या दिवशी मगनने त्याला सगळं सामान समोर मांडून दाखवलं. टाकीतली हवा सोडून दिली, कारण भरलेली टाकी उन्हात तापली तर फुटायची भीती. मग तोटी गच्च आवळली, आत खारी हवा शिरू नये म्हणून. हे सांगून झालं आणि त्याने त्या दोन नळ्या भावाच्या हातात दिल्या.

"भाऊ, हाई नळी म्हणजे मन्हा गळा शे. तिले तेलना थेंब बी लागू देऊ नको."

जर्मन साहेबाने ते त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. तेल रबराला खातं. लगेच दिसत नाही, पण रबर फुगतं, मऊ पडतं, आणि खोल पाण्यात एखाद्या वळीशी फाटतं. मग हवेऐवजी तोंडात पाणी येतं.

बन्सीलालने हे इतकं मनावर घेतलं की घरातल्यांना जीव नकोसा झाला. त्याने रिठ्याने हात धुतले, कोपरापर्यंत. समई माजघरातून बाहेर काढायला लावली. भिकुबाईने पापड तळायला घेतले होते, ती कढई त्याने चुलीवरून उतरवली. प्रवासाला निघालेल्या हत्याराला तेल-शेंदूर लावायची घरची रीत. जसोदाबाई वाटी घेऊन पुढे आली तशी त्याने आईचा हात धरला. म्हातारी दुखावली. शेंदूर न लावता पोराचं सामान घराबाहेर काढायचं, हे तिला अशुभ वाटलं आणि तिने तसं बोलूनही दाखवलं. बन्सीलाल म्हणाला, देवाला माझ्याकडून सांग, यंदा कोरडाच पाव.

आणि मग एवढी काळजी घेणाऱ्या त्या माणसाने दोन गोण्या नवी सरकी पेटीत ओतली.

त्याला दोष तरी काय द्यायचा? त्या मुलखात तेल म्हणजे भुईमुगाचं, फार तर तिळाचं. घाण्यावरून येतं, बुधल्यात राहतं. सरकी म्हणजे ढोरांचं खाणं. सरकीत तेल असतं हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही; जवसात असतं, करडईत असतं, तसं तिच्यातही असणार. पण माहीत असणं वेगळं आणि ऐन वेळी आठवणं वेगळं. पेटीशी उभा राहिला तेव्हा सरकी त्याच्या लेखी बी नव्हतंच, ती त्याची कला होती. त्याने खाली थर घातला, टाकी आडवी निजवली, तिच्या कुशीत नळ्या आणि मुखवटा ठेवला, वर पुन्हा सरकी ओतली. टाकी जड. ती तसूभरही हलू नये म्हणून आयुष्यात कधी तुडवली नसेल इतकी सरकी त्याने त्या दिवशी तुडवली. पायाखाली दाणे फुटत होते. तो आवाज ऐकून त्याला बरं वाटत होतं, माल बसतोय म्हणून.

पेटी चार हात लांब झाली. चौघांनी ती खांद्यावर घेतली आणि गाडीकडे चालू लागले, तेव्हा मागून एक टवाळ काहीतरी बोलायला गेला. पण चार खांद्यांवरची ती लांबुळकी पेटी बघून त्याने नकळत वाट सोडली आणि कुणीच हसलं नाही. जसोदाबाई आत निघून गेली. बेबीबाई दाराआड डोक्यावरून पदर ओढून उभी होती, ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलली नाही.

नंदुरबारच्या स्टेशनात एक गंमत झाली, निदान तेव्हा ती गंमत वाटली. चीनशी लढाई जुंपलेली होती. पार्सलबाबूने पेटीवर कान लावला, बोटांनी ठोकून पाहिलं आणि आत पोलादाची टाकी आहे हे कळताच दोन पावलं मागे सरला. पेटी उघडा म्हणाला. बन्सीलाल अडून बसला. त्याने खिळे ठोकलेली पेटी मुक्कामाला पोचण्याआधी उघडायची म्हणजे त्याच्या नावाला बट्टा. त्याने सरपंचाची ओळख काढली, ठाकोरभाईचं नाव घेतलं, शेवटी आवाज चढवला. बाबूने कंटाळून फळ्यांच्या फटीत चाकू घातला, तर दोन-चार दाणे सरकी त्याच्या बुटावर पडली. आफ्रिकेत म्हशी पाळायला चाललात का, म्हणून त्याने विचारलं. फलाटावरचे लोक हसले, बन्सीलालही हसला, आणि पेटी डब्यात चढली.

पुढच्या आठवड्यात मगन गेला. जसोदाबाईने हातावर दही घातलं. मगन भावाच्या पाया पडला. बन्सीलालने मगनच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, लहानपणी शाळेत धाडताना लावायचा तसं. गाडी खांडबाऱ्याच्या दिशेने वळली आणि दिसेनाशी झाली. मुंबईला मगनला आठ-दहा दिवस थांबायचं होतं. बोट महिन्याच्या मध्यावर सुटणार होती, पेटी तोवर गोदीत पडून असणार होती.

दुसऱ्याच दिवशी सकाळी बन्सीलाल ओसरीवर दात घासत होता. म्हैस नुकतीच व्यालेली. भिकुबाईने रात्री भिजत घातलेली सरकी पाट्यावर वाटली, म्हशीपुढे ठेवली आणि हात धुवायला ओसरीच्या कडेला आली. उन्हं तिच्या तळहातांवर पडली. तळहात चमकत होते. तिने पाणी ओतलं, पाणी तळहातावरून थेंबथेंब होऊन घसरलं, हात ओले झालेच नाहीत. मग तिने नेहमीप्रमाणे राखेची चिमूट घेऊन हात चोळले.

हे त्याने लग्नापासून रोज पाहिलं होतं. त्याआधी आईच्या हातांवर पाहिलं होतं. बन्सीलालच्या तोंडातली कडुलिंबाची काडी खाली पडली.

"तुम्ही काय देखी ऱ्हायनात?" भिकुबाईने विचारलं.

तो काही नाही म्हणाला. पण त्याच्या पायांच्या तळव्यांना फुटणारे दाणे पुन्हा जाणवायला लागले होते.

तेव्हाच उठून त्याने स्टेशन गाठलं असतं तर सगळं निभावलं असतं. सुरतेवरून मुंबई, गोदी, मगन. बोट अजून धक्क्यालाच होती. पण माणसाचा गर्व मोठा वाईट. त्याला वाटलं, उगाच कशाला बोभाटा? दाणे थोडेच फुटले असतील. लव तेल शोषून घेईल. उद्या मुंबईला जाऊन शेकडो लोकांसमोर पेटी उघडायची, आत सगळं ठीक निघालं तर मगन आयुष्यभर चिडवेल, आणि ठीक निघालं नाही तर? तर बन्सीलालने बांधलेली पेटी बिघडली असं होईल. दोन्ही त्याला नको होतं. त्याने मधला मार्ग काढला. मधले मार्ग काढण्यात माणूस फार हुशार असतो.

मगनच्या जुन्या मुखवट्याचा एक रबरी पट्टा खुंटीवर राहिला होता. बन्सीलालने मूठभर सरकी वाटून पितळी वाटीत घातली, तिच्यात तो पट्टा दाबला, वर दगड ठेवला आणि वाटी धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, उन्हात नेऊन ठेवली. काही झालं नाही तर प्रश्नच मिटला. झालं तर बघू.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. त्याने पट्टा पुसला, ओढून पाहिला, तो टणक होता. त्या संध्याकाळी बन्सीलाल जेवताना दोन भाकरी जास्त जेवला. दुसऱ्या दिवशीही काही नाही. तो बायकोशी चेष्टा करू लागला. नंतर एक दिवस पट्टा जरा जाड वाटला. त्याने मनाची समजूत घातली की उन्हाने फुगला असेल. तो धाब्यावर चढायचा, खाली यायचा, पुन्हा चढायचा. कापसाची वेचणी सुरू होती, बाया शेतात खोळंबल्या तरी मालकाचा पत्ता नाही. जसोदाबाईने विचारलं तर तो तिच्यावर खेकसला.

आणि एका दुपारी त्याने पट्टा उचलला तो बोटांना चिकटला. ओढला तर शेवयांच्या पिठासारखा लांबला आणि मधेच तुटला. तुटायला जोर लागला नाही. बन्सीलाल दोन्ही तुकडे हातात घेऊन त्या तापलेल्या धाब्यावर बसला. त्याने मनात पेटी पाहिली, बोटीच्या पोटात, इंजिनाच्या उष्णतेत, अंधारात. टाकीचं वजन सरकीवर, आणि सरकीच्या कुशीत त्या दोन नळ्या. ठाकोरभाईच्या माणसाने सांगितलं होतं, बोटीचा तळ भट्टीसारखा तापतो.

तो खाली आला तेव्हा बेबीबाई जिन्याशी उभी होती. जेठासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, ती कधी उभी राहत नसे. तो आला की आत जाई, काही सांगायचं झालं तर भिकुबाईकडून सांगे. लग्न होऊन आल्यापासून तिचा आवाज बन्सीलालने धड ऐकला नव्हता. रोज तो घराबाहेर पडला की ती धाब्यावर जाऊन वाटी पाहत होती. त्याच्यापेक्षा आधी तिला कळलं होतं, आणि रीत सोडून कसं बोलावं या विचारात तिनेही दिवस घालवले होते. आता तिने पदर मागे सारला आणि त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"दादा, तार करा. आजच करा."

बन्सीलाल तसाच, अनवाणी, नंदुरबारच्या वाटेला लागला. पोस्टात पोचला तेव्हा खिडकी बंद होत होती. तारमास्तर म्हणाला, मुंबईच्या पत्त्यावर करायची का? बन्सीलालने तारीख विचारली. बोट सुटली होती. तार मोंबासाला, ठाकोरभाईच्या कचेरीत करावी लागली. तारमास्तरने इंग्रजीत लिहून वाचून दाखवलं: नळ्यांना तेल लागलं आहे, वापरू नका, बन्सीलाल. तो म्हणाला, लढाईमुळे तारा तुंबल्यात, कधी पोचेल सांगता येत नाही. बन्सीलालने विचारलं, बोटीच्या आधी पोचेल का? तारमास्तरने खांदे उडवले. त्याला रोज शंभर जण असंच विचारत होते.

त्यानंतर एक ओळ आली नाही. ना ठाकोरभाईची, ना मगनची. लढाई थांबली, गावातला एक शिपाई सुखरूप परतला, त्याच्या घरच्यांनी पेढे वाटले, बन्सीलालने पेढा हातात घेतला आणि विसरून गेला. दोनदा तो सुरतेला जाऊन आला. ठाकोरभाईच्या घरी त्याचा म्हातारा चुलता होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. काम सुरू झालंय एवढंच तो म्हणाला. काम सुरू झालंय म्हणजे कुणीतरी पाण्यात उतरलं होतं. परतीच्या गाडीत बन्सीलाल खिडकीला डोकं टेकून बसला आणि उकाई गेलं, नवापूर गेलं, त्याला कळलं नाही.

घरात कुणी त्याला बोल लावला नाही, आणि तेच त्याला सोसेना. जसोदाबाईला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आयांना सांगावं लागत नाही. तिने सणासुदीचं गोडधोड बंद केलं. बेबीबाई पुन्हा पदराआड गेली. पण आता बन्सीलाल अंगणात आला की ती आत पळत नसे, हातातलं काम थांबवून जागीच उभी राहायची, तो जाईपर्यंत. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गावात एकाने रेडिओ आणला होता, तो शहाद्याला लेकीकडे धाडायचा होता. तो बन्सीलालकडे आला. बन्सीलाल म्हणाला, हात दुखतात. त्याचे हात दुखत नव्हते.

होळीच्या आधी, पळस फुलले होते तेव्हा, एका दुपारी जसोदाबाईची किंकाळी ऐकू आली. बन्सीलाल शेतातून धावत सुटला. वाटेत त्याने सगळं गृहीत धरलं: निरोप आलाय, आता अंगणात लोक जमलेले असतील, आता बेबीबाईच्या बांगड्या. अंगणात लोक जमलेलेच होते. त्यांच्यामधे, जसोदाबाईच्या मिठीत, मगन उभा होता.

तो वाळला होता. चेहऱ्यावर, गळ्यावर कांजिण्यांचे काळे डाग होते. बन्सीलालने त्याला धरलं, चाचपलं, दंड, खांदे, गळा. तो रडत होता आणि हसत होता आणि लोक काय म्हणतील याची त्या फटकळ माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिकीर नव्हती. भिकुबाई आत शेवया शिजवायला धावली. बेबीबाई दाराशी जमिनीवरच बसली होती.

लोक पांगले तसे दोघे भाऊ गोठ्याच्या बाजूला जाऊन बसले. बन्सीलालने विचारलं, तार पोचली ना? मगनने मान हलवली. पोचली होती. मग तो सांगू लागला, हळूहळू, जमिनीकडे बघत.

बोटीवरच त्याच्या अंगावर कांजिण्या उठल्या. मोंबासाला उतरल्या उतरल्या त्याला बंदरापासून दूर, साथीच्या रोग्यांच्या बराकीत टाकलं, कुणाला भेटू देईनात. पेटी ठाकोरभाईच्या माणसांनी उघडली. टाकीला पोचाही नव्हता, मुखवट्याची काच शाबूत होती. ठाकोरभाई म्हणाला होता, काय बांधलंय बघा. त्याच दिवशी की दुसऱ्या दिवशी तारही आली. त्यांनी नळ्या पाहिल्या, जरा तुकतुकीत दिसत होत्या. साबणाने धुतल्या, पुसल्या. ठाकोरभाईला मुदतीत काम पुरं करायचं होतं. तो म्हणाला, भाऊ तिकडे दूर बसलाय, त्याला नळीतलं काय कळतं. शिंपल्यांसाठी बुड्या मारणारा तिथलाच एक जवान गडी होता, सालिम नावाचा. त्याच्या पाठीवर टाकी बांधली. तार काय म्हणते ते त्याला कुणी सांगितलं नाही.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तो खोल, धक्क्याच्या पायाशी गेला.

मगन थांबला. म्हशीने शेपटी उडवली. आणि बन्सीलालच्या तोंडून, त्याला स्वतःला कळायच्या आत, दोन्ही हात जोडले जाऊन शब्द निघाले.

"देव पावना."

मगनने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता.

"भाऊ, त्याना बी मोठा भाऊ व्हता," तो म्हणाला. "वर, दोर त्यानाच हातमा व्हता."

सालिमच्या कमरेच्या दोराला खालून हिसका बसला तेव्हा त्या भावाने ओढायला घेतलं, पण दोर खाली लोखंडात अडकला होता. तो ओढत राहिला. हाताची सालटी निघाली तरी ओढत राहिला. मगन बराकीतून सुटून बंदरावर गेला तेव्हाही तो माणूस त्याच धक्क्यावर बसलेला असायचा, तळहातांना फडकी बांधून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच काहीतरी विचारायचा. मगनला ती भाषा येत नव्हती. काय विचारतोय, हे त्याने कुणालाच विचारलं नाही.

आतून भिकुबाईने हाक मारली. पानं वाढली होती, शेवयांवर तूप आणि गूळ घातला होता. दोघे उठून हातपाय धुऊन आत गेले. जसोदाबाई मगनच्या शेजारी बसून त्याला भरवू लागली, तो लाजत खाऊ लागला, आणि बेबीबाई पदराआडून हसली. बन्सीलालला वाटलं होतं, आपल्याला घास उतरणार नाही. पण त्याला भूक लागली होती. समोर भाऊ जेवत होता, घास गिळताना त्याचा गळा खालीवर होत होता, आणि ते बघताना बन्सीलालला इतका आनंद होत होता की तो कशानेच कमी होईना. परक्या मुलखातला तो माणूस त्याला डोळ्यांपुढे स्वच्छ दिसत होता, फडकी बांधलेल्या हातांचा, आणि तरीही आनंद कमी होईना. त्याची त्याला भीती वाटली. त्याने पान पुढे केलं आणि बायकोकडून आणखी शेवया वाढून घेतल्या.